दीर्घ सुट्टी विभागातील कर्मचारी

रजेच्या शासकीय नियमांत ‘दीर्घ सुट्टी विभाग’ अशी एक संज्ञा आढळते. ज्या कर्मचाऱ्यांना वर्षातून ठरावीक वेळी लांब सुट्टी मिळते आणि म्हणून ज्यांच्या खात्यावर अर्जित रजा, म्हणजे सेवा करून कमावलेली हक्काची रजा, इतरांच्या मानाने अगदीच तुटपुंजी जमा होते, ते सर्व या विभागात मोडतात. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेतील गुरुजी हे त्यांतील सर्वांच्या नजरेत भरणारे उदाहरण होय. नियमांत जे लिहिलेले नाही ते असे की, या सुट्टीवरील गुरुजींचा हक्क हा त्यांच्या भावकीच्या हक्काहून कनिष्ठ दर्जाचा असतो. भावकी, म्हणजे बांधावरून भांडणारी आणि मांडवात एकत्र येणारी एकाच कुळातील घरे, या सुट्टीकडे गावच्या गायरानाकडे पाहावे तशी पाहते: कागदोपत्री मालकी कोणाचीही असो, जनावरे सर्वांनी सोडावीत.

पंचांगही या बाबतीत गुरुजींच्या बाजूचे नाही. आषाढी एकादशीला चातुर्मास सुरू झाला की तुळशीच्या लग्नापर्यंत माणसांच्या लग्नांना सहसा मुहूर्त नसतो. मृगाचा पाऊस पडला की शेतकऱ्याला पेरणीखेरीज दुसरे काही सुचत नाही. परिणामी रब्बीचा पैसा हातात, रान मोकळे आणि मुले घरी, असा तिहेरी योग मे महिन्यातच जुळून येतो. नेमक्या त्याच महिन्याच्या पहिल्या तारखेला गुरुजी महाराष्ट्र दिनाचे ध्वजवंदन करून, मुलांच्या हाती निकालपत्रके देऊन, जूनच्या मध्यापर्यंत मोकळे होतात, आणि शाळेच्या फाटकाबाहेर पडेपर्यंत थोरल्या बंधूंचा दूरध्वनी आलेला असतो. ‘तुम्हाला काय, सुट्टीच आहे’ या चार शब्दांत पुतणीच्या लग्नाचे सर्व व्यवस्थापन त्यांच्याकडे वर्ग होते. वर्षभरातील सर्व सुट्ट्या मिळून ७६ दिवसांहून अधिक होऊ नयेत असा दंडक आहे आणि त्यांतील बहुतेक दिवस दिवाळीचे व उन्हाळ्याचे, हे आकडे ते सांगू पाहतात. परंतु भावकीत आकडे फक्त जेवणावळीच्या संदर्भात ऐकले जातात.

गुरुजींना कायद्याचा आधार नाही असे नाही. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ याच्या कलम २७ प्रमाणे दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका एवढी कामे वगळता शिक्षकाला शिक्षणेतर कामाला जुंपता येत नाही. मात्र लग्न हे असे एकमेव कार्य आहे की, ज्यात पाहुण्यांची मोजदाद, रुसव्याफुगव्यांचे निवारण आणि दोन्ही पक्षांच्या घरोघर हात जोडत हिंडणे ही तिन्ही अपवादभूत कामे एकाच वेळी करावी लागतात, त्यामुळे कायद्याच्या आत्म्याकडे पाहता गुरुजींची सुटका संभवत नाही.

त्यांची सेवा मुहूर्तापासून नव्हे, तर सोयरीक जुळवण्यापासून सुरू होते. स्थळ पाहायला गेल्यावर इतर मंडळी मुलाचे शिक्षण, जमीन आणि विहिरीचे पाणी विचारतात. गुरुजी मुलाचे मूल्यमापन करतात. राज्यात २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन नावाची पद्धत लागू आहे. तीत गुणांच्या जोडीला प्रत्येक मुलाविषयी ‘वर्णनात्मक नोंदी’, म्हणजे त्याच्या वागण्याबोलण्याचे एका वाक्यातील वर्णन, लिहावे लागते, आणि या नोंदींचा पहिला अलिखित नियम असा की, कोणाही मुलाला वाईट म्हणावयाचे नाही. ही सवय इतकी अंगवळणी पडलेली असते की, पोहे खाताना मान वर न केलेल्या मुलाबद्दल घरी परतल्यावर मत विचारले असता गुरुजी ‘प्रश्नांची उत्तरे देण्याचा प्रयत्न करतो’ एवढे सांगतात, आणि मुलाच्या व्यसनाविषयी कुणकुण लागली असल्यास ‘सुधारणेस वाव आहे’ असे म्हणतात. घरातील स्त्रियांना या भाषेचे मर्म ठाऊक असल्याने त्या दुसरे वाक्य ऐकताच पुढचे स्थळ पाहू लागतात. स्थळ शिक्षकाचे असेल आणि पुतणीही शिक्षिका असेल, तर मात्र गुरुजींची तटस्थता टिकत नाही. कारण बदल्यांच्या धोरणात पती-पत्नी दोघेही नोकरीत असल्यास त्यांना एकमेकांजवळ आणण्यासाठी ‘संवर्ग दोन’ नावाचा प्राधान्यक्रम असतो, आणि छत्तीस गुण जुळण्यापेक्षा हा संवर्ग जुळणे संसाराला अधिक उपकारक आहे, असे त्यांचे अनुभवसिद्ध मत असते.

पसंती झाल्यावर ‘याद्या’ होतात. मानपान, दागिने, कपडे, जेवण यांतील कोणता खर्च कोणी करावयाचा हे दोन्हीकडील जाणत्या मंडळींसमक्ष कागदावर उतरवून घेण्याला याद्या म्हणतात, आणि अक्षर चांगले या एकाच कारणासाठी हा कागद गुरुजींच्या पुढ्यात येतो. ते तो शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेच्या इतिवृत्ताप्रमाणे लिहितात: विषय क्रमांक, चर्चा, ठराव, सूचक, अनुमोदक. हुंडा घेणे व देणे हा १९६१ पासून गुन्हा आहे, हे त्यांनी वर्गात कितीतरी वेळा फळ्यावर लिहिलेले असते. येथे तीच बाब समोर आली असता ते क्षणभर लेखणी थांबवतात, चष्मा पुसतात आणि तिची नोंद ‘ऐनवेळचे विषय’ या सदराखाली करतात. या एका ठिकाणी गुरुजींचे हसू येण्याऐवजी थोडा राग यावा, हे वाचकाला नाकारता येणार नाही.

खरेदीच्या बाबतीत त्यांची श्रद्धा दरपत्रकांवर असते. शाळेसाठी काही विकत घ्यावयाचे तर तीन दुकानदारांचे दर लेखी मागवून तुलनात्मक तक्ता करावा लागतो, आणि म्हणून मांडववाला, आचारी व वाजंत्री यांच्याकडूनही गुरुजी प्रत्येकी तीन दरपत्रके घेतात. मांडवाची तिन्ही दरपत्रके एकाच हस्ताक्षरात असली तरी ते विचलित होत नाहीत, कारण शाळेतील अनुभवाने त्यांना तसे नसलेलेच संशयास्पद वाटते. ही पद्धत कोलमडते ती बस्त्यात. बस्ता म्हणजे दोन्ही घरांनी मिळून एकाच दुकानात, एकाच बैठकीत केलेली लग्नाच्या कापडाची खरेदी. तीत नवरीच्या शालूपासून मानकऱ्यांच्या टोपी-टॉवेलपर्यंत सारे येते, आणि ती सकाळी सुरू होऊन संध्याकाळपर्यंत चालत असल्याने मोठे दुकानदार चहाच नव्हे तर जेवणही घालतात. गुरुजी यादी घेऊन गादीवर बसतात, पहिल्या तासाला ‘विषय’ संपवण्याचा आग्रह धरतात, दुसऱ्या तासाला त्यांचे कोणी ऐकत नाही, तिसऱ्या तासाला ते भिंतीला टेकून झोपतात. आणि जागे झाल्यावर पाहतात तो आत्याच्या साडीचा रंग आठव्यांदा बदलला जात असून त्यांच्या सौभाग्यवती, ज्या स्वतःही शिक्षिकाच आहेत, सर्व व्यवहार आटोपून बिलावर सूट मागत असतात.

या बाईंविषयी येथे चार शब्द आवश्यक आहेत, कारण सुट्टी त्यांनाही असते आणि तिची दखल कोणी घेत नाही. पापड, कुरडया, शेवया, म्हणजेच ज्याला एकत्रितपणे वाळवण म्हणतात तो सारा पसारा उरकून त्या लग्नाच्या कामाला लागतात; रुखवताच्या, म्हणजे मांडवात मांडल्या जाणाऱ्या फराळ-भांडी-शोभेच्या वस्तूंच्या, रचनेत त्यांचा हात असतो, आणि त्यावरील नावांच्या चिठ्ठ्या तेवढ्या गुरुजी लिहितात. पाहुण्यांना चिठ्ठ्या दिसतात.

पत्रिका हा गुरुजींचा खास प्रांत. निमंत्रकांची नावे कोणत्या क्रमाने छापावीत या प्रश्नावर अनेक घराणी दुभंगलेली आहेत. गुरुजी त्यावर सेवाज्येष्ठता यादीचा, म्हणजे नोकरीतील रुजू दिनांकावरून लावलेल्या क्रमाचा, तोडगा काढतात: प्रथम तात्पुरती यादी भावकीच्या व्हॉट्सॲप गटावर प्रसिद्ध करावयाची, सात दिवस हरकती मागवावयाच्या, सुनावणी घ्यावयाची आणि मग अंतिम यादी छापखान्यात द्यावयाची. व्यवहारात हरकती इतक्या येतात की अंतिम यादीत नावे दुप्पट होतात आणि वधूवरांची नावे शोधावी लागतात. मुद्रिताची तपासणी ते लाल शाईने करतात, ‘आशीर्वाद’ या शब्दावरचा रफार छापखान्याने तिन्ही वेळा भलत्याच अक्षरावर दिल्याचे दाखवून देतात, आणि चौथ्या वेळी तो बरोबर येतो तेव्हा मुहूर्ताची वेळ चुकलेली असते. दरम्यान केंद्रप्रमुखांकडून, म्हणजे दहाबारा शाळांवर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांकडून, एखादी माहिती ‘आजच सायंकाळपर्यंत’ मागवली जाते. दीर्घ सुट्टी ही व्हॉट्सॲपला लागू नसल्याने गुरुजी छापखान्याच्या पायरीवर बसून तीही भरून टाकतात.

पहिली पत्रिका कुलदैवताला देण्याची रीत आहे, आणि सुट्टीतील सहल याच धर्मकृत्याच्या आडोशाने पार पडते. कुलदैवत ज्योतिबा असेल तर पन्हाळा ‘वाटेतच’ असतो आणि कोल्हापूरची अंबाबाई टाळणे अधर्म ठरते. भाडोत्री गाडीचा प्रस्ताव गुरुजी आकडेमोडीने फेटाळतात. एस. टी. मध्ये मार्च २०२३ पासून सर्व स्त्रियांना निम्मे तिकीट आहे, पाच ते बारा वर्षांच्या मुलांना निम्मे आहे, पंच्याहत्तरी ओलांडलेल्या आजोबांना प्रवास मोफत आहे. तेव्हा एवढ्या गोतावळ्यात पूर्ण तिकीट फक्त वधूपित्याचे आणि स्वतः गुरुजींचे पडते, हे ते कागदावर सिद्ध करून दाखवतात. गाणगापूरला जाण्याची आत्याची इच्छा मात्र मागे ठेवली जाते, कारण ते कर्नाटकात असून सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच चालते. बसमध्ये चढताना आणि उतरताना गुरुजी सर्वांना जोड्याजोड्यांनी उभे करून मोजतात. पन्हाळ्यावर बाजीप्रभूंच्या पुतळ्यासमोर सिद्दी जौहरचा वेढा सुरू होतो. इयत्ता चौथीच्या इतिहासात शिवचरित्र असल्याने तो गुरुजींना मुखोद्गत असतो, आणि महाराज गडावरून निसटले ते साल कोणते, असा प्रश्न टाकून ते मे महिन्याच्या दुपारी बोट वर होण्याची वाट पाहत थांबतात. १६६० हे उत्तर आल्याखेरीज सावलीत जाता येत नाही, हे एव्हाना घरातील सुनांनाही पाठ झालेले असते. अंबरखान्यातील गंगा, यमुना, सरस्वती या प्रचंड धान्यकोठारांपुढे मात्र गुरुजी स्वतःच अबोल होतात. इतरांना तो इतिहासाचा परिणाम वाटतो. वस्तुतः एवढ्या धान्याची साठा नोंदवही कोण लिहीत असेल आणि महिनाअखेर शिल्लक कशी जुळत असेल, या विचाराने त्यांच्या पोटात गोळा आलेला असतो.

धान्याशी असलेले हे नाते लग्नाच्या जेवणात उघड होते. शालेय पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलाला १०० ग्रॅम आणि सहावी ते आठवीच्या मुलाला १५० ग्रॅम धान्य हे प्रमाण ठरलेले आहे. आचारी तांदूळ किती काढू असे विचारतो तेव्हा गुरुजी वरपक्षाला उच्च प्राथमिक गटात धरून १५० ग्रॅमने गुणाकार करतात, आणि आचारी तो आकडा आदराने ऐकून स्वतःच्या अंदाजाने पोती फोडतो, म्हणूनच लग्ने पार पडतात. शाळेत अन्न मुलांना वाढण्यापूर्वी शिक्षकाने चाखून त्याची नोंद वहीत करावयाची असते. त्या शिस्तीला अनुसरून गुरुजी पंगतीच्या अर्धा तास आधी भटारखान्यात जाऊन जिलेबी, मसालेभात आणि मठ्ठा यांची चव घेतात, सुधारणा सुचवतात, सुधारणेनंतर पुन्हा घेतात, आणि प्रत्यक्ष पंगतीत ‘भूक नाही’ म्हणून आग्रह करणाऱ्यांना कृतकृत्य करतात.

आणि अखेर ध्वनिक्षेपक. ग्रामीण लग्नात अक्षता पडण्यापूर्वी सत्कार होतात. सरपंचापासून सोसायटीच्या संचालकापर्यंत प्रत्येकाला नावानिशी बोलावून शाल व नारळ दिला जातो, आणि तो देईपर्यंत मुहूर्त केव्हाच टळलेला असतो. हे सूत्रसंचालन अर्थातच गुरुजींकडे असते. त्यांच्या हातात या वेळी दोन याद्या असतात. एक सत्कारमूर्तींची. दुसरी कोणास ठाऊक नसलेली, शाळेच्या गावातील अंगणवाडीच्या नोंदवहीवरून उतरवलेली, यंदा सहा वर्षे पूर्ण करणाऱ्या मुलांच्या घरांची. पहिलीच्या वर्गात मुले किती येतात यावर संच मान्यता, म्हणजे शाळेत किती शिक्षक ठेवावयाचे याची वार्षिक मंजुरी, अवलंबून असते. पट घटला तर गुरुजी ‘अतिरिक्त’ ठरून दुसऱ्या तालुक्यात जाऊ शकतात. म्हणून या घरांना पत्रिका त्यांनी स्वतः जाऊन दिलेली असते, त्यांना पंखा असलेल्या बाजूला बसवलेले असते, आणि अंगणवाडी सेविकेला मानाची साडी बस्त्यातच काढून ठेवलेली असते.

नेमका याच गावात पिवळ्या बसगाड्या पाठवणारा इंग्रजी माध्यमाच्या शाळेचा संस्थाचालकही पुढच्या रांगेत येऊन बसतो. त्याच्या शाळेत गुरुजींचा स्वतःचा धाकटा चिरंजीव शिकत असल्याने त्याला आमंत्रण टाळता आलेले नसते, आणि सत्कारमूर्तींच्या यादीत त्याचे नाव तिसरे असते. ध्वनिक्षेपकावर त्याचे नाव, त्याच्या संस्थेचे नाव आणि ‘शिक्षणमहर्षी’ ही पदवी आपल्याच तोंडून, पंख्याच्या बाजूला बसलेल्या पालकांसमोर उच्चारावी लागणार हे लक्षात येताच गुरुजी यादीची घडी घालतात, शुभ घटिका समीप आल्यामुळे उर्वरित सत्कार रद्द करण्यात येत असल्याचे जाहीर करतात, आणि पुढाऱ्यांच्या, भटजींच्या व स्वतः वधूपित्याच्या डोळ्यांदेखत त्या मांडवात पंचक्रोशीतील पहिले लग्न वेळेवर लागते.