बिनरेघेचे काका

मुरब्यात कुणाला अर्ज लिहायचा असला, की पाय आपोआप काकांच्या ओट्याकडे वळतात. डिझेलचा परतावा असो, बोटीच्या नोंदणीचं काम असो, नाहीतर प्रस्तावित बंदरावरची हरकत. काका चष्मा नाकावर घेतात, लॅपटॉप उघडतात आणि विचारतात, "पोटतिडकीनं लिहू की नुसतंच?" दोन्हींचा दर एकच, वाटाभर मांदेली.

काकांना मासळीहून प्यारं त्यांचं शुद्धलेखन. "एक तरी लाल रेघ दाखव," असं ते समोरच्याला बजावतात. आणि रेघ खरोखरच नसते.

पूर्वी होती. लिब्रेऑफिसमध्ये भाषा हिंदी राहून गेल्यामुळे 'आहे'सुद्धा लालेलाल व्हायचं. काकांनी ती सरळ हिंदीसक्ती मानली आणि भाषा मराठी करून टाकली. क्षणात पान स्वच्छ! तेव्हापासून आपल्याहून शुद्ध मराठी उभ्या पालघर जिल्ह्यात कुणी लिहीत नाही, याचा पुरावाच त्यांना मिळाला.

पुढची आगळीक माझी. मी बोईसरहून सुटीला आलो आणि सहज सेटिंग उघडून पाहिलं. मराठीपुढे बरोबरची खूण नव्हती, म्हणजे मराठीचा शब्दकोशच बसवलेला नव्हता. मास्तरच नसलेल्या वर्गात काका पहिले आले होते.

मी एक्स्टेंशन उतरवून बसवलं. यातला तपासनीस हन्स्पेल. तो लास्लो नेमेथ या गृहस्थांनी हंगेरियन भाषेसाठी बांधला. त्या भाषेतही आपल्यासारखी शब्दाला शेपटावर शेपूट लागते, म्हणून तो मराठीच्या कामी येतो. एका फायलीत मूळ शब्द, दुसरीत शेपटांचे नियम: 'जमीन'चं 'जमिनीवरच्यांनाही' कसं होतं ते. हे सगळं मी काकांना समजावलं. ते ऐकत नव्हते. पडद्याकडे बघत होते. तिथे गोवर उठला होता.

'शिंगाळा'खाली रेघ. 'करंदी'खाली रेघ. खाडीपलीकडच्या 'सातपाटी'खाली रेघ दिसली तेव्हा काका जरा सुखावले, पण पुढच्याच ओळीत 'मुरबे'ही लाल निघालं.

"ह्या हंगेरीवाल्याला मासे कळतात का?" काका कडाडले. त्यांचा राग रास्त होता. किनाऱ्यावरचे शब्द कोशात कुणीतरी घालावे लागतात, आपोआप येत नाहीत. म्हणून मी उजवी क्लिक करून शब्द कोशात कसा जोडायचा ते दाखवलं. तिथे चुकलो.

रात्री जेवणं आटोपेपर्यंत काकांनी मासे जोडले, गावं जोडली, झालंच तर 'खुप' जोडलं, 'पाणि' जोडलं. 'जमीनीवर' जोडताना मात्र मी हात धरला. सामान्यरूपात 'मी' ऱ्हस्व होतो, साहित्य महामंडळाचे नियम शासनाने 1962 साली मान्य केलेत, असं सांगून पाहिलं.

"मी 1955चा," काका म्हणाले, "थोरला कोण?" आणि क्लिक केलं.

बंदरावरची हरकत परवा पालघरला पोचली. तीन पानी अर्ज, त्यात 'जमीनीवर' सात वेळा, आणि रेघ एकही नाही.