स्वस्तातला जाळ

काटकसरीत बार्बेक्यू करायचा तर आधी झाकणाची, चाकांची, थर्मामीटरची शेगडी घ्यावी, असं नवं अर्थशास्त्र आहे. मग चिमटे, ब्रश, एप्रन; आणि पैसे उरलेच तर कोंबडी. वास्तविक ही हौस वाढली ती टाकाऊ आणि हाताशी असलेल्या वस्तूंतून. अमेरिकेत हेन्री फोर्डने १९२० च्या दशकात मोटारींच्या लाकूडकामातला भुसा आणि ढलप्या वाया जाऊ नयेत म्हणून त्यांच्या कोळशाच्या वड्या पाडून विकल्या. १९५२ मध्ये जॉर्ज स्टीफनने पाण्यावर तरंगणारे बोये बनवण्याचे धातूचे अर्धगोल वापरून झाकणाची शेगडी केली. आपण मात्र त्या जुगाडाची नक्कल हप्त्यांवर घेतो.

याउलट रायगडात थंडीत मडक्यात भाजायची पोपटी लागते, तिचा हिशेब पाहा. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, जाडं मीठ, ओवा, ऐपतीप्रमाणे अंडी किंवा कोंबडी. तोंडाला पुन्हा पाला, आणि उपडं करून भोवती पालापाचोळ्याचा जाळ. तेल नाही, पाणी नाही. आच कळत नाही, हा आक्षेप खरा. पण मडक्यावर पाणी शिंपडलं आणि ते चुर्र करून उडालं की झालं. थर्मामीटरचं काम ओंजळभर पाण्यात. ‘शहरात अंगण कुठे?’ हाही प्रश्न रास्त आहे. पण अंगण नाही म्हणून पोपटी अडते, तर शेगडी कशी अडत नाही? बाल्कनीत ती चार दिवस मिरवते, पुढे तिच्यावर पायपुसणी वाळतात. पैसे खरोखरच कमी असतील, तर शेगडी राहू द्या, कोंबडी आणा.