खरा खेळ कसा ओळखावा : इटियाडोहच्या पाळीवरून

साहित्य : एक प्लास्टिकची खुर्ची, एक शिक्का आणि स्वतःला आता कोणताच खेळ येत नसल्याची खात्री. गावच्या क्रीडा समितीवर माझी निवड या तिसऱ्या गुणावरच झाली.

खुर्ची इटियाडोह धरणाच्या पाळीवर टाकावी. एका अंगाला गाढवी नदीचे अडवलेले पाणी, दुसऱ्या अंगाला धानाच्या बांध्या. दोन्हीकडे माणसे दिवसभर घाम गाळताना दिसतील. यातले कोणीही खेळाडू नाही, हे आधी मनाशी पक्के करावे. नाहीतर पुढचे काम अवघड जाते.

रोवणीच्या दिवसांत बायांकडे बघा. गुडघाभर चिखल, कंबर वाकलेली, हातात पऱ्ह्याची जुडी, आणि सरकायचे ते उलट्या पावलांनी. शहरात असेच चिखलात लोळायला लोक पैसे भरतात आणि शेवटी गळ्यात पदक घालून घेतात. यावरून नियम निघतो : अंग मोडायचे पैसे मिळाले तर ती मजुरी, पैसे भरावे लागले तर तो खेळ. (क्रिकेटला हा नियम लागू नाही. क्रिकेटला कोणताच नियम लागू नाही.)

आता पाण्याकडे वळा. ढिवर डोंग्यात उभा राहतो, कमरेतून वळतो आणि जाळे असे फेकतो की ते पाण्यावर पडताना ताटासारखे गोल उघडते. डोंगा तसूभरही कलत नाही. थाळीफेकीपेक्षा हे कठीण आहे, पण थाळी फेकून काही मिळत नाही आणि जाळे फेकून मासे मिळतात. ज्यातून रात्रीच्या कालवणाची सोय होते ते समितीने बाद धरावे.

खरी पंचाईत शंकरपटाची, म्हणजे बैलांच्या शर्यतीची. येथे समितीने ‘घाम कोणाचा?’ ही कसोटी लावून पाहिली. धावतात बैल, ढाल उचलतो मालक, आणि मध्ये बैल हाकणारा धुरकरी जीव मुठीत धरून. म्हणून मी पट समितीच्या खेळांच्या यादीतून खोडत होतो, तेवढ्यात एक म्हातारे धुरकरी खुर्चीजवळ येऊन उभे राहिले.

“काहून खोडता जी, गुरुजी?”

“घाम बैलांचा आहे, बाबाजी.”

“मंग तिकडं ऑलिम्पिकात घोडा नाचवते, तो घाम कोनाचा?”

मी खोडलेले परत लिहिले.

तसे पटाचे स्थान आमच्याआधी न्यायालयानेही बरेच हलवले आहे. 2014 साली सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यती बंद केल्या, डिसेंबर 2021 मध्ये महाराष्ट्रात पुन्हा होऊ दिल्या, आणि 18 मे 2023 रोजी घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. म्हणजे परंपरा, मग गुन्हा, मग पुन्हा परंपरा. बैलांना यातले काही कळवले नव्हते. बंदीच्या काळातही पटाच्या निमित्ताने होणारी झाडीपट्टीतली रात्रीची नाटके थांबली नाहीत, त्यामुळे पट हा मुळात नाटकाचा पूर्वार्ध असावा असा एका सदस्याचा दावा आहे. आता पटाला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, बैलाला पशुवैद्यकाचा दाखला लागतो, काठी-चाबूक चालत नाही. आमच्या कबड्डी संघातल्या एकाकडेही तब्येतीचा दाखला नाही.

एवढ्यावरही शंका उरली तर सरकारी यादी बघावी. केंद्राने 2020 साली नोकरीच्या खेळाडू कोट्यातले खेळ 43 वरून 63 केले. रस्सीखेच आणि मल्लखांब तेव्हा आत आले. कॅरम आणि ब्रिज आधीपासूनच आत बसलेले होते, बसूनच खेळायचे असल्यामुळे असेल. रस्सीखेच 1900 ते 1920 ऑलिम्पिकात होती, नंतर ती तिथे खेळ राहिली नाही. दोर तोच, माणसेही तशीच दणकट. 1936 साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने थेट बर्लिनला कबड्डी करून दाखवली, तरी ऑलिम्पिकवाल्यांचे अजून ठरत नाही. उलट पॅरिसला 2024 मध्ये ब्रेकडान्स झाला. हे वाचल्यापासून आमच्या बांध्यांत नाचणाऱ्या सारस जोडप्याकडे मी वेगळ्या नजरेने बघतो.

माझा अनुभव विचाराल तर कागदावरच्या शब्दाला जपा. माझ्या जुन्या प्रमाणपत्रावर ‘हुतूतू’ असे लिहिले होते. एका कचेरीने ते परत केले, यादीत फक्त ‘कबड्डी’ आहे म्हणून. दोन्ही एकच असल्याचा दाखला आणा, म्हणाले. तो दाखला कुठे मिळतो ते मी चौदा वर्षे विचारतो आहे.

तर समितीने शेवटी पट मान्य केला. प्रमाणपत्र कोणाच्या नावाने, यावर दोन सभा गेल्या. मालक म्हणाला माझ्या, धुरकरी म्हणाला माझ्या. बाबाजींनी मुकाट्याने बैलाचा कान धरून पुढे केला. कानातल्या पिवळ्या बिल्ल्यावर बारा आकडे होते, ते आधारच्या रकान्यात बरोब्बर बसले. मी शिक्का मारला. वडिलांच्या नावाचा रकाना तेवढा रिकामा आहे.