उत्तर आलेलं नसताना ‘नोंद नाही’

माझी तक्रार मोबाइलच्या पडद्यावरच्या एका वाक्याबद्दल आहे. ‘कोणतीही नोंद आढळली नाही.’ ॲप उघडताच हे वाक्य दिसतं आणि दोन-तीन सेकंदांनी त्याच जागी नोंदींची अख्खी यादी येते. म्हणजे ते वाक्य खोटं होतं. ज्या ऑफिसात ॲप लिहिलं गेलं तिथलं वायफाय वेगवान असतं, त्यामुळे लिहिणाऱ्याला ते दिसतही नाही. रेंज नसलेल्या गावातला माणूस मात्र ते वाचतो, खरं मानतो आणि आपला अर्ज पोचलाच नाही असं समजून परत भरायला बसतो.

मी अँड्रॉइडसाठी ॲप लिहितो, म्हणून हे वाक्य कुठून येतं ते मला ठाऊक आहे. पडदा रंगवणं, बोटाचा स्पर्श टिपणं ही कामं मेन थ्रेडची. त्याला सर्व्हरच्या उत्तरासाठी ताटकळत ठेवता येत नाही. २०११ साली आलेल्या अँड्रॉइड ३.० पासून मेन थ्रेडवर नेटवर्कचं काम काढलं की सिस्टिम एक्सेप्शन फेकते. स्पर्शाला ५ सेकंदांत प्रतिसाद मिळाला नाही, तर ॲप प्रतिसाद देत नसल्याची पाटी येते. हे नियम योग्यच आहेत. म्हणून विनंतीसोबत कॉलबॅक द्यायचा: उत्तर आलं की हे फंक्शन चालव. विनंती करणारं फंक्शन मात्र थांबत नाही, ते पुढच्या ओळीवर जातं.

गफलत इथेच होते. वर रिकामी यादी तयार केलेली असते, कॉलबॅकमध्ये ती भरलेली असते आणि कॉलबॅकचा महिरपी कंस संपल्यावर तिची लांबी मोजलेली असते. ती ओळ कोडमध्ये खाली दिसते, पण चालते आधी. लांबी शून्य येते आणि पडदा ‘नोंद नाही’ असं सांगून मोकळा होतो.

यावरचा उपाय म्हणून लोक थ्रेड-स्लीप लावतात, त्याचा मला सर्वांत जास्त राग आहे. फायरबेस या सर्व्हर-सेवेत सक्सेस लिसनर, म्हणजे उत्तर आल्यावर चालणारा कॉलबॅक, मुद्दाम वेगळं सांगितलं नाही तर मेन थ्रेडवरच चालतो. त्याच थ्रेडला २ सेकंद झोपवलं की पडदा गोठतो, आणि उत्तर आलं तरी कॉलबॅकला चालायला जागा नसते. झोप संपल्यावर खालची ओळ आधी चालते आणि लांबी पुन्हा शून्यच. मग कोणी हँडलरने, म्हणजे थ्रेड न अडवता, ती ओळच २ सेकंद उशिरा चालवतो. तो ऑफिसात पुरतो. एसटीत बसलेल्या माणसाला पुरत नाही.

कोटलिनच्या कोरूटीनमुळे आणि २०२१ मध्ये स्विफ्ट ५.५ ने आणलेल्या असिंक-अवेटमुळे कोड वाचायच्या क्रमानेच चालल्यासारखा लिहिता येतो. मोठी सोय झाली, पण खोटं वाक्य गेलं नाही. कोटलिनमध्ये पडद्यासाठीची माहिती धरून ठेवणाऱ्या स्टेटफ्लोला सुरुवातीचं मूल्य द्यावंच लागतं आणि बहुतेक जण तिथे रिकामी यादी ठेवतात. पडद्याला ती रिकामी यादी आणि सर्व्हरने पाठवलेली रिकामी यादी सारखीच दिसते. फेल्युअरचा कॉलबॅक मोकळा सोडला असेल, तर नेटवर्क तुटल्यावरही तेच वाक्य कायमचं उभं राहतं. रक्ताचा अहवाल यायच्या आधी ‘काही आजार नाही’ असं लिहून देणाऱ्या डॉक्टरकडे आपण पुन्हा जाणार नाही.

ॲप लिहिणाऱ्यांना माझी विनंती आहे. कॉलबॅकमधून आलेली माहिती कॉलबॅकमध्येच वापरा, किंवा तिथूनच पुढच्या फंक्शनकडे द्या. वाट पाहतोय, उत्तर आलं, उत्तर आलं पण यादी रिकामी आहे, मागणी फसली, या चार अवस्था कोडमध्ये वेगळ्या ठेवा. ‘नोंद नाही’ हे वाक्य फक्त तिसऱ्या अवस्थेत दाखवा. आणि ॲप लोकांच्या हाती देण्याआधी एमुलेटरमध्ये नेटवर्कचा वेग मुद्दाम कमी करून एकदा पडदा उघडून पाहा. ही सोय त्यात आधीपासूनच आहे.