कलम गेलं, ठक राहिले

म्हैसूरच्या महाराजा कॉलेजात पदवीलाच गुन्हेगारीशास्त्र शिकता येतं. पोरांनी 1860 च्या दंडसंहितेची 511 कलमं घोकावीत, तोच 1 जुलै 2024 ला भारतीय न्याय संहिता लागू झाली. कलमं 358. खुनाचं 302 झालं 103. नवं 302 म्हणजे मुद्दाम धार्मिक भावना दुखावणारे शब्द उच्चारणं. हिंदी सिनेमातल्या जज्जसाहेबांनी सवयीने त्यावरही फाशी ठोठावली, तर अर्धा देश लटकेल! फसवणूक 318 मध्ये सरकली. 420 हा आकडाच उरला नाही. चारसोवीस मंडळी मात्र जागच्या जागी. आणि बरं का, त्या तारखेआधी घडलेल्या गुन्ह्यांना जुनीच संहिता लागू. तेव्हा पोरांनो, जुनं पुस्तक एवढ्यात रद्दीत घालू नका.