झाड आडवं येतंय, साहेब

देऊळ असो, मशीद असो की चर्च, विश्वस्तांना दोन गोष्टींचा भारी वैताग: हिशेब आणि झाडाची पानं. हिशेब लोक वर्षातून एकदा मागतात, पानं रोज पडतात. म्हणून बैठक आधी झाडावर बसते.

आमच्या जानेफळात अशा बैठकीला विषयांचा तोटा नाही. भिंतीपासून दोन हातांवर गुलमोहर लावला कोणी? पाहुण्यांनी. तिथंच का? फोटोत इमारत यायला हवी होती. गुलमोहर मूळचा मादागास्करचा. मुळं वरच्यावर आडवी पसरतात, फरशी उचलतात आणि वळवाच्या वाऱ्यात फांदी काडकन मोडते. पण झाड भराभर वाढतं, लालभडक फुलतं, मग कोण विचारतो? आता फांदी पत्र्यावर टेकली तशी त्याच गुलमोहराची 'धोकादायक' म्हणून कागदोपत्री नोंद झाली.

"तोडा म्हटलं तं पाप, ठेवा म्हटलं तं ताप," एक बुजुर्ग म्हणाले. तेवढ्यात चहा आला आणि विषय पुढच्या बैठकीवर गेला.

या चालढकलीवर हसवत नाही ते पारसमुळे. शेजारच्या अकोला जिल्ह्यातल्या या गावी ९ एप्रिल २०२३ रोजी वादळी पावसात बाबूजी महाराज मंदिराजवळचा जुना कडुनिंब टिनाच्या शेडवर कोसळला. आडोशाला थांबलेल्यांपैकी ७ जण दगावले. तेव्हापासून तरी गावोगावच्या आवारातले बुंधे कोणी तपासले का? बुंध्याला दोरा गुंडाळणारे, नारळ फोडणारे पुष्कळ. कुऱ्हाडीचा दांडा ठोकून पोकळ आवाज येतो का ते ऐकणारा एक सापडत नाही.

शहरांसाठीच्या १९७५ च्या वृक्ष कायद्यात २०२१ मध्ये सुधारणा झाली. ५० वर्षांवरचं झाड आता वारसा, आणि झाड तोडलं तर त्याच्या वयाइतकी रोपं लावायची. खेड्यात वयाची भानगडच नाही: खड्डा तोच, रोप नवं, पाहुणे नवे. २०१९ मध्ये राज्यानं ३३ कोटी झाडांचा संकल्प सोडला होता. त्यातली किती जगली, हे वनखात्यापेक्षा शेळ्या नेमकं सांगतील.

तेव्हा विश्वस्तहो, वाळक्या फांद्या वळवाआधी उतरवून घ्या. झाड पोकळ असेल तर रीतसर परवानगी काढून पाडा. बदली कडुनिंब किंवा करंज लावा, पण भिंतीपासून चांगला वीसेक फूट लांब, आणि कुंपण करून. फोटो तिसऱ्या उन्हाळ्यात काढा. रोप जिवंत असलं, तरच पाहुण्यांना बोलवा.