वाऱ्यावरची तारीख

आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक डोक्यावरून जातं तेव्हा आपल्यापासून साधारण ४०० किलोमीटरवर असतं. मालवणहून मुंबई रस्त्याने पाचशेच्या घरात. म्हणजे अंतराळ जवळ आणि दादर लांब. शिवाय वरच्या वाटेवर, खालच्या महामार्गासारखं, २०११ पासून चौपदरीकरण चालू नाही. भारतीय अंतराळवीर शुभांशू शुक्लांचं यान २५ जून २०२५ ला फ्लोरिडातून सुटलं आणि सुमारे २८ तासांत स्थानकाला लागलं. गणपतीत गावी येणाऱ्या चाकरमान्याला या आकड्याचं फारसं कौतुक वाटणार नाही.

खरं कौतुक त्याआधीच्या चार आठवड्यांचं. उड्डाण ठरलं होतं २९ मेला. मग ८ जून, मग १०. दहा तारीख वरच्या जोरदार वाऱ्याने खाल्ली. अकरा तारीख रॉकेटमधल्या द्रवरूप ऑक्सिजनच्या गळतीने. तिथे हजर असलेल्या इस्रोच्या मंडळींनी तात्पुरती डागडुजी नको, पुरती दुरुस्ती करा, असा आग्रह धरला. ते होतंय तोवर स्थानकाच्याच रशियन भागातल्या गळतीचा प्रश्न आला. १९ गेली, २२ गेली. पाहुणे आले होते, कॅमेरे लागले होते, पण ‘आता तारीख दिलीय, उडवाच’ असं काही कुणी म्हटलं नाही. दर वेळी तारीख हलली आणि का हलली तेही सांगितलं गेलं.

आमच्याकडे तारीख हलत नाही. ४ डिसेंबर २०२३, नौदल दिन, पंतप्रधान मालवणात येणार. तिथल्या राजकोट किल्ल्यावर शिवाजी महाराजांचा ३५ फुटी पुतळा त्या दिवशी उभा म्हणजे उभा. २६ ऑगस्ट २०२४ ला तो कोसळला. नऊ महिनेही झाले नव्हते. तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांनी कारण सांगितलं: वारा ताशी ४५ किलोमीटरचा होता. मालवणात, समुद्रावर, ऑगस्ट महिन्यात वारा! आता हे आधी कळणार तरी कसं? समोरच्या सिंधुदुर्गाची पायाभरणी १६६४ ची. तो अजून उभा आहे. त्याच्याकडचा वारा बहुधा वेगळा असावा.

त्याहून नामी गोष्ट पुढे आहे. पुतळा पडायच्या सहा दिवस आधी सार्वजनिक बांधकाम खात्यातून नौदलाकडे पत्र गेलं होतं, की नटबोल्ट गंजलेत. फ्लोरिडात गळती दिसली तेव्हा रॉकेट थांबलं. इथे गंज दिसला तेव्हा पत्र निघालं.

वास्तविक ‘वारो बघल्याशिवाय होडी सोडूची नाय’ हे मालवणात शाळेत शिकवावं लागत नाही. सिंधुदुर्ग किल्ल्यावर जाणाऱ्या होड्या पावसाळ्यात बंद असतात. पर्यटक कितीही मोठ्या गाडीतून उतरलेला असो, त्याने धक्क्यावर उभं राहून किल्ला बघावा आणि सोलकढी पिऊन परत जावं. हा नियम होडीला आहे. उद्घाटनाला नाही.

राजकोटावर आता नवा, जास्त उंच पुतळा आहे. २०२५ च्या मे महिन्यात कार्यक्रमही झाला. हा पुतळा टिको, वारा काहीही म्हणो.

इस्रोचंही वेळापत्रक काही धुतल्या तांदळासारखं नाही. २०१८ च्या स्वातंत्र्यदिनी लाल किल्ल्यावरून सांगितलं होतं, २०२२ पर्यंत भारतीय माणूस भारताच्याच यानातून अंतराळात जाईल. आता गगनयानाच्या त्या उड्डाणासाठी २०२७ म्हणतात, आणि भारताच्या स्वतःच्या स्थानकासाठी २०३५. यातली एखादी तारीख आणखी पुढे गेली तर वाचकहो, चहाच्या टपरीवर इस्रोची खिल्ली उडवू नका. यानात माणसं बसायची आहेत. हसायचंच असेल तर पुढचं भूमिपूजन, लोकार्पण किंवा अनावरण जेव्हा अगदी ठरल्या दिवशी, ठरल्या मिनिटाला पार पडेल, तेव्हा हसा. आणि शक्य झालं तर फीत कापायच्या आधी कुणाला तरी नटबोल्ट बघायला पाठवा.